शनिवारी विचारू नये

मला वाट बघता येत नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच मी गॅसपाशी जाऊन उभी राहते. एसटी दिसायच्या आधी रस्त्यावर उतरते आणि मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खाते. कुणाला संदेश पाठवला की तो वाचला गेला का, हे बघण्यासाठी मोबाईल हातात घेते, खाली ठेवते, पुन्हा घेते. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच हिला देवाने पाठवलीय. आणि अशा बाईच्या वाट्याला काम कुठलं यावं, तर लोकांना आठवण करून देणाऱ्या बॉटला बोलायला शिकवायचं.

पुण्यातली एक कंपनी दुकानदारांसाठी चॅटबॉट तयार करते. ग्राहकाने दुकानाच्या नंबरवर संदेश पाठवला की माणसाऐवजी बॉट उत्तर देतो, ऑर्डर घेतो, भाव सांगतो. त्याचं मराठी बोलणं मी लिहिते. कुठलं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, माणूस अडखळला तर त्याला कसं सावरावं, हे मी ठरवते. हे सगळं नगरच्या घरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून चालतं. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहितात, पण तोंडात नगरच येतं. काम आवडीचं आहे, फक्त ते बसून करावं लागतं हा त्याचा एकच दोष.

माझी एक मैत्रीण आहे. आम्ही श्रीरामपूरला कॉलेजात एका बाकावर बसायचो. तिचं लग्न शनी शिंगणापूरच्या वाटेवरच्या एका गावात, लोखंड-सिमेंटच्या दुकानदाराच्या घरात झालं. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, त्याला दुकानात काडीचा रस नाही. गल्ल्यावर सासरे बसायचे. सासऱ्यांना ती मामा म्हणते. मामांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी दुकान नगरच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचं ठरवलं. मैत्रीण म्हणाली, मी बसते. मामा म्हणाले, बाईच्या हातून लोखंड कोण घेणार? ते रागाने बोलले नव्हते. पाऊस पडेल की नाही हे सांगावं, तसं सांगितलं होतं. ती हटून बसली, तेव्हा त्यांनी दिवाळीच्या पाडव्यापर्यंतची मुदत दिली. तोवर गिऱ्हाईक टिकलं तर दुकान तिचं, नाही तर व्यापाऱ्याचं.

तिने मला फोन केला तो रडत नाही, तर हिशोबी आवाजात. म्हणाली, "तुझा तो बोलका मोबाईल मला दे. मिस्त्री लोकांना माझ्याशी बोलायला अवघड वाटतं. त्याच्याशी बोलतील."

आमच्या कंपनीला मराठीतला बॉट खऱ्या दुकानात लावून बघायचाच होता. पुण्यात आमचा जो प्रमुख आहे, माझ्याहून बराच लहान, मला ताई म्हणणारा, त्याच्या मागे लागून मी हे दुकान चाचणीसाठी मिळवलं. मागे लागणं मला छान जमतं.

पहिले काही आठवडे मी नुसती पळत होते. पुण्याहून आलेल्या नमुन्यात बॉट सुरुवातीलाच एवढं स्वागत करायचा की नमनालाच घडाभर तेल. मी ते एका ओळीवर आणलं. तिथे सळईचे प्रकार निवडायला लांबलचक यादी होती. मिस्त्री लोक यादी कशाला उघडतात? ते बोलून पाठवतात, "आठची दोन बंडलं, दहाची एक." नाही तर सिमेंटच्या गोणीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून त्याचा फोटो टाकतात. मग बॉटला आवाज आणि फोटो घेता यायला हवेत, यासाठी मी पुण्याशी भांडले. 'कृपया' हा शब्द काढावा यासाठीही भांडले. आमच्याकडे कृपया फक्त पाटीवर असतं, आणि त्या पाटीखालीच लोक थुंकतात. बॉट स्त्री की पुरुष यावरही चर्चा झाली. मराठीत कुणीतरी एक व्हावंच लागतं, 'सांगते' म्हणा नाही तर 'सांगतो'. मी 'सांगते' लिहिलं आणि विषय मिटवला. गावात बघता बघता त्या बॉटला 'दुकानातली पोरगी' म्हणायला लागले.

आणि मग माझी आवडती सोय, ती मी स्वतः हट्टाने घडवली होती. लोखंडाचा भाव रोज हलतो. म्हणून ऑर्डर आली की दुसऱ्या दिवशी सकाळी बॉट त्या दिवसाचा भाव कळवायचा आणि विचारायचा, "ऑर्डर पक्की करू का?" खाली दोनच मोठी बटणं, 'हो, पाठवा' आणि 'नको'. संध्याकाळपर्यंत कुणी काहीच दाबलं नाही तर ऑर्डर आपोआप रद्द, म्हणजे दुकानात खोट्या ऑर्डरींचा ढीग साचायला नको. स्वच्छ, सोपं, कुणालाही कळेल असं. मला त्याचा इतका अभिमान होता की आईलाही दाखवलं होतं.

सोम, मंगळ, बुध सगळं सुरळीत चालायचं. बॉटचं सगळं बोलणं मला घरी पडद्यावर दिसायचं, आणि मी भाजी ढवळतानाही तिकडे बघायचे. कुणी 'हो' दाबलं की मला उगाच कुणीतरी पाठीवर थाप दिल्यासारखं वाटायचं. फक्त शनिवारी तिकडे शांतता असायची. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या कंपनीच्या सगळ्याच दुकानांत शनिवार-रविवारी संदेश कमी होतात. मैत्रिणीलाही नवल वाटलं नाही. शनिवारी लोखंडाला कुणी हात लावत नाही, हे तिला माहेरापासून ठाऊक होतं. त्या दिवशी रस्ता शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांनी गच्च भरलेला असतो, टेम्पो निघू शकत नाही, आणि तीही घरच्यांबरोबर देवाला तेल वाहायला जायची. दुकान अर्धवट उघडं. शनिवारची शांतता तिच्या हिशोबात होती, माझ्याही हिशोबात होती. दोघींच्या हिशोबांची कारणं मात्र वेगळी, आणि ती आम्ही एकमेकींना कधी विचारली नाहीत.

दुकानाचा मोठा दिवस शुक्रवार. घोडेगावचा बाजार त्या दिवशी भरतो. आजूबाजूची माणसं बाजाराला येतात आणि येता-जाता ऑर्डर देतात. पूर्वी रविवारी सकाळी टेम्पो भरून निघायचे. आता रविवारी टेम्पो निम्मा रिकामा जायला लागला. मैत्रिणीच्या मोबाईलवर त्या ऑर्डरींपुढे लिहून यायचं, 'ग्राहकाकडून रद्द'. एक रद्द, दोन रद्द, ओळीने रद्द. दर रविवारी ती ते वाचायची, आणि मामा शेजारच्या खुर्चीत बसून रिकामा टेम्पो बघायचे. बोलायचे काही नाही. मोबाईलकडे तर ते ढुंकूनही बघत नसत.

एकदा तिने मला फोन केला, तेव्हा तिच्या आवाजातला हिशोब गेला होता. म्हणाली, "मामांचं खरंय गं. शुक्रवारी तोंडावर ऑर्डर देतात, आणि घरी जाऊन विचार करतात, बाई बसलीय तिथे कशाला. दुसऱ्या दिवशी रद्द."

मला ते ऐकवेना. जिच्या बाजूला बसून मी परीक्षेचा अभ्यास केला होता, जी माझ्यापेक्षा हुशार होती, ती स्वतःला अशी खोडून काढतेय, आणि पाडवा जवळ येतोय. मी ताबडतोब काहीतरी करायचं ठरवलं. काही करायचं म्हणजे माझ्या बाबतीत एकच, आणखी एक आठवण. लोक उत्तर द्यायला विसरत असतील असं धरून शनिवारी सकाळच्या संदेशानंतर दुपारीही एक संदेश जाईल अशी मी सोय केली. "तुमची ऑर्डर अजून पक्की झालेली नाही. आजचा भाव संध्याकाळपर्यंतच." उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पुढच्या रविवारी टेम्पो आणखी रिकामा गेला.

मग मात्र मला घरी बसवेना. सोमवारी सकाळी एसटी पकडून मी तिच्या दुकानात जाऊन थडकले. ती गल्ल्यावर होती. मामा बाजूच्या लोखंडी खुर्चीत, काठी मांडीवर घेऊन. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी नुसती मान हलवली आणि चहा सांगितला. मी बसले नाही. सळयांच्या ढिगापासून काट्यापर्यंत आणि काट्यापासून ढिगापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. मैत्रीण दोनदा म्हणाली, बस ना.

तेवढ्यात एक ठेकेदार आला. घरांचे स्लॅब टाकायची कामं घेणारा, मामांचं जुनं गिऱ्हाईक. शुक्रवारी त्याने बॉटवर ऑर्डर दिली होती, सोमवारी त्याची माणसं स्लॅबवर येऊन बसली होती, आणि सळई पोचलीच नव्हती. तो मैत्रिणीकडे न बघता मामांशी बोलायला लागला. चिडला नव्हता, दुखावला होता. त्याने मोबाईल पुढे केला.

"मामा, ही तुमची मोबाईलमधली पोरगी लई गोड बोलती, पर तिला रीत न्हाई. शनवारी सकाळीच इचारती, लोखंड पक्कं करू का. आता शनवारी मी कसं म्हनू, कर म्हनून? गप बसलो. दुपारी पुन्यांदा इचारलं. तरी गप. तर संध्याकाळी म्हनती, रद्द केली."

माझ्या येरझाऱ्या थांबल्या. मी मधे पडले आणि म्हणाले, तुम्ही काहीच उत्तर दिलं नाही, म्हणून तिला वाटलं तुम्हाला नको आहे.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "नको असतं तर नको म्हनलो असतो की, ताई. नको म्हनायला काय वार लागतो व्हय? घ्यायला लागतो."

मैत्रिणीने मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि वर वर सरकवत वाचला. शनिवारी बॉट विचारत असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. लोखंडाच्या दुकानातून शनिवारी असं कोण विचारेल? आणि ती जे 'ग्राहकाकडून रद्द' म्हणून वाचत होती, ते कुठल्याच ग्राहकाने केलेलं नव्हतं. उत्तर आलं नाही की आमचा बॉट रद्द करायचा आणि नाव ग्राहकाचं लावायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी. इतके रविवार ती उगाच स्वतःला खात होती. तिने मोबाईल परत दिला, ठेकेदाराला म्हणाली, तासाभरात माल पोचतो, आणि स्वतः उभं राहून टेम्पो भरून घेतला. मामा खुर्चीतून सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही, आणि मला अशा माणसांचा फार राग येतो.

परत येताना एसटीत मी स्वतःशीच धुसफुसत होते. मी श्रीरामपूरच्या ख्रिस्ती शिक्षकांच्या घरातली. शनिवारचं लोखंड आमच्या घरात कुणी पाळत नाही, पण शेजारीपाजारी पाळतात हे मी काय पाहिलं नव्हतं? आणि आमच्याकडे रविवारी आई सुईदोऱ्यालाही हात लावू द्यायची नाही. एकदा शाळेच्या गणवेशाचं बटण रविवारी तुटलं, तर टाचणी लावून सोमवारी शाळेत गेले होते. रविवार कळणाऱ्या बाईला शनिवार कळू नये! खिडकीतून शिंगणापूरच्या कमानी, उसाचे ट्रॅक्टर, तेलाच्या बाटल्या मांडलेली दुकानं मागे जात होती, आणि मला त्या एसटीतून उतरून पळत पुढे जावंसं वाटत होतं.

घरी पोचल्या पोचल्या पुण्याला फोन लावला. प्रमुख शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ताई, एका दुकानासाठी आपण बॉटला वार कसे शिकवणार? शनिवारी दुकान बंद ठेवायची सोय आहेच, ती वापरा. मी म्हटलं, दुकान बंद नाहीये. सिमेंट जातं, सळई-पत्रे सोडून बाकी सगळं जातं. फक्त लोखंडाचं विचारायचं नाही. तो म्हणाला, आणि उत्तर नाही आलं तर ऑर्डर तशीच ठेवायची? गप्प बसणं म्हणजे होकार धरायचा? हे धोक्याचं आहे. त्याचंही चुकत नव्हतं. पण बोलता बोलता तो एकदम थांबला. मग जरा हसून म्हणाला की त्याची गाडी शोरूममध्ये शनिवारी तयार होती, आणि आईने ती रविवारपर्यंत घरी आणू दिली नव्हती. शोरूमवाल्यानेही एका शब्दाने विचारलं नव्हतं की घेणार आहात ना.

"करू, ताई," तो म्हणाला.

त्या सोयीला आम्ही 'गप्प वार' नाव दिलं. दुकानदाराने आपला वार निवडायचा. त्या वारी कुणी काही विचारलं तर बॉट उत्तर देणार, पण आपणहून काही विचारणार नाही, आठवण करणार नाही आणि काही रद्दही करणार नाही. आदल्या दिवशीचा भाव तसाच धरायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा विचारायचं. 'ग्राहकाकडून रद्द' हे शब्द मी स्वतः काढून टाकले. त्या जागी 'उत्तर आलं नाही' असं लिहिलं. माझी दुपारची आठवणही मीच काढली. काढताना जीव खालीवर झाला, पण काढली.

पुढच्या शनिवारी पडदा पुन्हा शांत होता. बॉट गप्प, ग्राहक गप्प, मीच काय ती घरभर फिरत होते. रविवारी सकाळी बॉटने एकदाच विचारलं आणि 'हो, पाठवा', 'हो, पाठवा' ओळीने यायला लागलं. मैत्रिणीने भरलेल्या टेम्पोचा फोटो पाठवला. त्यात कडेला मामांची काठी दिसत होती, मामा नव्हते.

पण मामा बोलेनात. रविवार गेले, टेम्पो भरून गेले, दिवाळी आली, तरी दुकानाचं काय हे त्यांनी तोंडातून काढलं नाही. नगरचा व्यापारी एकदा येऊन चहा पिऊन गेला, त्याच्याशीही काय बोलले कुणाला कळलं नाही. मी रोज मैत्रिणीला विचारायचे, काही म्हणाले का? शेवटी ती वैतागून म्हणाली, "तू तुझ्या बॉटपेक्षा वाईट आहेस." मी म्हटलं, मग तूच विचार ना त्यांना सरळ, पाडवा आला. असं कुढत किती दिवस काढणार? मीच तिला टोचून टोचून तयार केलं.

पाडव्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी तिचा फोन आला. ती दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बोलत होती. आवाज दबलेला, नाक ओढलेलं.

तिने सकाळी चहा देताना विचारलं होतं, मामा, दुकानाचं काय ठरवलं? त्यांनी बशीतला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आज शनवार हाय." एवढंच. मग काठी घेऊन उठले आणि देवाला निघून गेले.

"टाळलं गं त्यांनी," ती म्हणाली. "तोंडावर नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून वाराचं निमित्त. गेलं दुकान."

मला आधी तिच्याइतकंच वाईट वाटलं. मामांचा राग आला, त्या व्यापाऱ्याचा आला, पाडव्याचाही आला. फोन कानाला लावून मी खोलीतून ओट्याशी आणि ओट्यापासून खोलीत फिरत होते. आणि मधेच थांबले. सळयांच्या ढिगापाशी उभा असलेला तो ठेकेदार मला दिसला.

मी म्हटलं, "अगं, नको म्हणायला वार लागतो का?"

रस्त्यावरून शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"त्यांना व्यापाऱ्याला द्यायचं असतं तर आत्ताच सांगून मोकळे झाले असते," मी म्हटलं. "थांबलेत ते तुला देण्यासाठी थांबलेत."

तिने फोन ठेवून दिला. मी पुन्हा लावला नाही. संध्याकाळीही नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब शनिवार होता, हे मी शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात होतो. आम्ही ख्रिस्ती लोकही चर्चला देऊळच म्हणतो. पाळक बोलत होते आणि पर्समध्ये मोबाईल थरथरला. मग पुन्हा थरथरला. आई शेजारी बसली होती, तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी आशीर्वाद होईपर्यंत पर्स उघडली नाही. का ते मलाही सांगता येणार नाही. भीती असेल, किंवा एवढ्या उलाढालीनंतर थोडीशी अक्कल आली असेल.

बाहेर आल्यावर एका पायात चप्पल घातली आणि दुसरी शोधत असतानाच संदेश उघडला. मामांनी सकाळी अंघोळ करून तिच्यादेखत नगरच्या व्यापाऱ्याला फोन लावला होता. तिने त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते. "दुकान द्यायचं न्हाई. आमची सून बसती."

मी तशीच, एक पाय उघडा ठेवून तिला फोन लावला. तिने उचलला. आई माझी दुसरी चप्पल हातात घेऊन माझ्यासमोर उभी होती. बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो, आणि फोन कुणीच ठेवला नाही.